ग्राहक, उभी राहा

सरांनी मला माझ्या नावानं कधी हाक मारली नाही. त्यांच्या क्लासात मी ग्राहक होते. माझ्या शेजारी बसणारा माहूरचा मुलगा बिल होता आणि खिडकीजवळची उदगीरची मुलगी औषध. "ग्राहक, उभी राहा" असं त्यांनी म्हटलं की मी पाठ ताठ करून उठायची. आज मी नांदेडला एका कंपनीत दवाखान्यांसाठी प्रोग्रॅम लिहिते. तिथं ग्राहक हा शब्द दिवसभर कानावर पडतो, आणि अजूनही माझी पाठ आपोआप ताठ होते. शिकत असताना एकदा लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारात मामीबरोबर बांगड्या बघत होते, तर सरांनी रस्त्याच्या पलीकडून "ए ग्राहक" अशी खणखणीत हाक मारली. बांगडीवाल्यासकट सगळ्यांनी वळून पाहिलं. मामीनं एवढंच विचारलं, हेच का तुमचे सर, आणि बांगड्या न घेताच मला घरी नेलं.

मी मूळची बिलोलीची. बी.कॉम. झाल्यावर लातूरला मामाकडे राहून प्रोग्रॅमिंग शिकायचं ठरलं. लातुरात शिकवण्यांना काय तोटा! गल्लोगल्ली डॉक्टर आणि इंजिनिअर घडवणारे फलक, त्यावर हारतुरे घातलेली पोरं. सरांच्या फलकावर एकही फोटो नव्हता. नुसतं लिहिलेलं, 'ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग, धंद्याच्या कामासाठी'. खाली भांड्यांचं दुकान, वर आम्ही. दिवसभर खालून पातेली आदळल्याचे आवाज येत, आणि सर त्या आवाजाच्या वर आवाज काढून कधी बोलत नसत. पातेलं वाजलं की थांबायचे, आवाज विरला की वाक्य जिथं सोडलं होतं तिथूनच उचलायचे. त्या थांबण्यानं आमचा जीव टांगणीला लागायचा, कारण वाक्याचा कर्ता बहुतेक वेळा आमच्यापैकीच कुणीतरी असायचा.

शर्टाचं गळ्याजवळचं बटण भर मे महिन्यातही लावलेलं. पायात साध्या चपला. शहरात कुठंही जायचं तर चालत जायचे. दुचाकीवर बसायला त्यांचा ठाम नकार होता आणि त्याचं कारण विचारायची सोय नव्हती. आधी एका साखर कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरचं काम बघत होते, ते का सोडलं हेही कुणाला ठाऊक नव्हतं. क्लास सुरू होताना खालून चहा यायचा. तो टेबलावर ठेवायचा आणि त्या दिवसाचा प्रोग्रॅम चालेपर्यंत हात लावायचा नाही, असा त्यांचा नेम. आमच्या चुकांमुळे त्या माणसानं आयुष्यात गरम चहा क्वचितच प्यायला असेल. साय धरलेला तो कप समोर असला की आम्हाला अपराधी वाटायचं, आणि मला वाटतं ते त्यांना चांगलं माहीत होतं.

क्लासातले कॉम्प्युटर जुन्या चादरींनी झाकलेले असायचे. पहिला महिनाभर आम्ही चादर उचललीच नाही. सरांचं म्हणणं असं की कीबोर्ड हातात आला की माणूस विचार करायचा थांबतो. धंद्यातल्या प्रत्येक गोष्टीला प्रोग्रॅममध्ये वेगळा जीव द्यायचा, त्याला ऑब्जेक्ट म्हणायचं, प्रत्येकाची माहिती त्याच्यापाशी, प्रत्येकाची कामं त्याची त्यानं करायची, ही त्या विद्येची मूळ कल्पना. पुस्तकात ती दोन पानांत संपते. सरांनी आम्हालाच त्या गोष्टी करून टाकलं. ज्याला उभं करतील त्यानं तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची. तू कोण? तुझ्यापाशी काय हाय? तुला काय येतं? मी म्हणायची, मी ग्राहक, माझ्यापाशी नाव, गाव, मोबाइल नंबर, मला माझा पत्ता सांगता येतो. त्यापुढं एक शब्द जास्त बोलले की सर हात वर करायचे.

"विचारलं तेवढंच सांग."

माझी माहिती चिठ्ठ्यांवर लिहून माझ्या ओढणीच्या गाठीत बांधलेली असायची. बिलाला माझं गाव हवं असेल तर त्यानं मला विचारायचं, चिठ्ठी ओढून घ्यायची नाही. एकदा बिलानं आळस करून नुसतीच वाकून चिठ्ठी वाचली. सरांनी त्याला जिना उतरून रस्त्यावर जायला लावलं, पुन्हा वर येऊन दार वाजवायला लावलं आणि मग माझ्याकडून गाव विचारून घ्यायला लावलं. भांडेवाला खालून हसत होता. बिलाचे कान लाल झाले होते, पण त्यानंतर दुसऱ्याच्या माहितीला परस्पर हात लावायची चूक आमच्यापैकी कुणी केली नाही. आजही माझ्या कंपनीतल्या मोठमोठ्या पदव्यांच्या लोकांना मला ते सांगावं लागतं. फक्त मला त्यांना जिना उतरवता येत नाही, याचं दुःख आहे.

माझ्या चिठ्ठ्यांत एक चिठ्ठी सरांनी जास्तीची घातली होती. ओळख. गावात गेल्यावर हा माणूस कसा सापडंल, ते तिच्यावर लिहायचं. आम्ही हसलो. नाव आहे, गाव आहे, मोबाइल आहे, अजून काय पाहिजे? सर म्हणाले, गावात मोबाइलवरून कुणी कुणाला ओळखत न्हाई.

आणि वारसा. त्या विद्येत एक सोय आहे. सारख्या गोष्टींचा एक बाप करायचा, बापाला जे येतं ते लेकरांना आपोआप येतं, पुन्हा पुन्हा लिहावं लागत नाही. सगळ्या मास्तरांची ही लाडकी सोय. आमच्या सरांना तिचा राग होता. बापाला काही द्यायचं म्हटलं की त्यांचा चेहरा आक्रसायचा. सगळ्या लेकरांना पचंल तेवढंच बापाला द्या, एवढं बोलून ते फळ्यावर बापाच्या चौकटीत एखादंच काम लिहायचे आणि खडू बाजूला ठेवायचे. आम्हाला तो जुन्या माणसाचा हट्टीपणा वाटायचा.

औशाकडच्या एका बाईचं उभं सोयाबीन आमच्या प्रोग्रॅमनं जळायची वेळ आली, त्या दिवसापर्यंत मी सरांना नुसतं विक्षिप्तच समजत होते.

झालं होतं असं. मोंढ्याजवळ, म्हणजे धान्यबाजाराजवळ, बियाणं, खतं आणि फवारणीची औषधं विकणारं एक मोठं दुकान होतं. त्याच्या मालकाला नवा प्रोग्रॅम हवा होता आणि सरांनी तो आमच्या तुकडीकडून करून द्यायचं कबूल केलं. आमच्यासाठी ती परीक्षाच होती. पेरण्या झाल्या, सोयाबीन वीतभर झालं, तणनाशकांसाठी दुकानात रेटारेटी सुरू झाली, आणि मालक रोज सरांना फोन करू लागले. त्यांना अजून एक सोय पाहिजे होती. एखादी बाटली संपली असेल तर तिच्या जागी कुठली द्यायची ते कॉम्प्युटरनंच सांगावं. काउंटरवरचे अप्पा प्रत्येक वेळी उठून मागं रॅकपाशी जातात, तोवर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं, अशी त्यांची तक्रार. आमची औषध एकेका प्रकारासाठी ते काम वेगळं वेगळं लिहीत होती, पिकाचा विचार करून. त्याला वेळ लागत होता. मालकांनी एका संध्याकाळी क्लासात येऊन सरांना चार पोरांसमोर ऐकवलं की शिकवण्या घेणं सोपं असतं. मालक गेल्यावर सरांनी एका कॉम्प्युटरवरची चादर उचलली, आम्हाला घरी पाठवलं आणि स्वतः बसले. दुसऱ्या दिवशी दुकानात सोय चालू झाली होती. मालक खूश. मी तर त्या दिवशी सरांना मनातून शाबासकी दिली होती, की चला, हा माणूस कामही पटापट करू शकतो.

दुकानात दुपारपर्यंत बसून अडचणी टिपून घ्यायचं काम माझ्याकडं होतं. सोय चालू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी बारा वाजून गेल्यावर एक शेतकरी आले आणि त्यांनी बाटली काउंटरवर ठेवली. शांत माणूस. सील फोडलेलं नव्हतं. ते अप्पांना म्हणाले, मी सोयाबीनचं मागितलं होतं, ह्याच्यावर उसाचं चित्र आहे, जरा बघा. अप्पांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला. उसातलं तणनाशक उसाला काही करत नाही, पण रुंद पानाचं जे दिसेल ते जाळतं. सोयाबीन रुंद पानाचं. सोयाबीनच्या ओळींमधून पेरतात ती तूरही रुंद पानाची.

एरवी अप्पा असली चूक झोपेतही करणार नाहीत. त्यांचं अर्धं आयुष्य त्या काउंटरवर गेलं होतं. पण मालकांनी सगळ्यांना बजावलं होतं, आता डोकं लावू नका, स्क्रीनवर दिसंल ते द्या. अप्पांनी तेच केलं.

मी सरांना फोन केला. ते चालत आले, पण इतक्या लवकर आले की त्यांच्या शर्टाची पाठ पूर्ण भिजली होती. काउंटरमागच्या स्टुलावर बसून त्यांनी प्रोग्रॅम उघडला आणि एकाच ठिकाणी बघत राहिले. पर्याय सुचवायचं काम त्यांनी बापाला दिलेलं होतं. एक तणनाशक संपलं की दुसरं कुठलंही तणनाशक दाखव, मापाला माप जुळलं की झालं. पीक कुठलं हे विचारायचं लेकरांना ठाऊक होतं, बापाला नव्हतं. मला ते कळलं आणि मी त्यांच्याकडं बघायचं टाळलं.

मग त्यांनी अशा किती बाटल्या गेल्या ते शोधलं. परत आलेली ही एक, आणि आदल्या दिवशी संध्याकाळी गेलेली आणखी एक. बिलावर नाव पाटील. गाव औसा. ओळख या रकान्यात नुसतं एक टिंब. रकाना भरल्याशिवाय बिल पुढं सरकत नाही म्हणून अप्पा सगळ्यांसाठी टिंबच द्यायचे. मोबाइल नंबर मात्र होता. मी घाईघाईनं तो लावला. घंटी वाजायला लागली, आणि त्याच क्षणी काउंटरवरचा दुकानाचा फोन वाजू लागला. मालकांनी उचलून हॅलो म्हटलं. माझ्या कानात त्यांचाच आवाज आला. गिऱ्हाइकानं नंबर सांगितला नाही की अप्पा दुकानाचाच नंबर टाकायचे.

औसा तालुक्यात पाटील किती असतील याचा हिशेब कुणी करायला गेलं नाही. मालक म्हणाले, येईल तक्रार तेव्हा बघू, तोवर कंपनीच्या माणसाला बोलावून ठेवतो, बाटलीत खोट होती म्हणू. सरांनी त्यांच्याकडं पाहिलंही नाही. त्यांनी अप्पांचा हात धरला, काउंटरच्या बाहेरच्या बाजूला नेलं आणि गिऱ्हाइकाच्या बाकड्यावर बसवलं.

"अप्पा, आता तुमी पाटील. बाटली घ्यायला आलाव. जेवढं इचारलं तेवढंच सांगायचं." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "ग्राहक तुझा हाय. तू विचार."

दुकानात माणसं खोळंबली होती, ती आता गोल करून बघायला लागली. मालक म्हणाले, अहो, ही वेळ आहे का नाटकाची? पण मला एवढ्या दिवसांत कळलं होतं की उभं केल्यावर पळून जाता येत नाही. मी अप्पांच्या समोर गेले आणि विचारलं, तू कोण? अप्पा गोंधळले. पाटील, म्हणाले. एकटे आलात की कुणी बरोबर? एकटाच. हातात काय आहे? अप्पांनी आपल्या हातांकडं पाहिलं, मग ते हात काउंटरच्या काचेवर ठेवले, आणि मनगट काचेवर टेकल्यावर थांबले. एकटीच, असं हळू म्हणाले. बांगड्या वाजल्या व्हत्या काचेवर. बाई व्हत्या.

त्या क्षणापासून अप्पा अप्पा राहिले नाहीत. पिशवीत काय? लेकराचे शाळेचे बूट, खोक्यासकट. अजून काय घेतलं? पंपाचं नोझल. जुनं गळतंय म्हणून. कुठल्या गाडीनं जाणार? औशाच्या. औशाला उतरणार? न्हाई, अलीकडंच, कमानीच्या फाट्यावर. मग गाव औसा का सांगितलं? अप्पा म्हणाले, म्या सांगितलं न्हाई, कॉम्प्युटरमधी आमचं गावच न्हवतं, तर अप्पांनी औसा घातलं. स्वतःचं नाव स्वतःच्याच तोंडून असं आल्यावर त्यांनी काउंटरमागच्या आपल्या रिकाम्या जागेकडं पाहिलं. मी शेवटचा प्रश्न विचारला, फवारणी कधी करणार?

"उद्या," अप्पा म्हणाले. "वारं पडल्यावर. चारच्या पुढं. गडी सांगून ठेवलाय." आणि मग ते बाकड्यावरून उठलेच. "उद्या म्हंजे आज की ओ."

घड्याळात अडीच होत आले होते. मालक गाडी काढायला ड्रायव्हर शोधू लागले, ड्रायव्हर जेवायला गेला होता. दाराशी माझी स्कूटी उभी होती. मी सरांकडं पाहिलं. सरांनी स्कूटीकडं पाहिलं. त्यांच्या गळ्याजवळचं ते बटण वरखाली झालं, आणि ते मागं बसले.

औसा रस्त्यावर मी स्कूटी कधी एवढी पळवली नव्हती. सरांनी एका हातानं माझ्या पाठीवरची सॅक धरली होती, दुसऱ्या हातानं सीट. ट्रक शेजारून गेला की सॅक अशी ओढली जायची की माझ्या खांद्यांना वळ उठले. आरशात दिसलं तेव्हा त्यांचे डोळे गच्च मिटलेले होते. वाटेत एकदाच बोलले. मला वाटलं हळू चालव म्हणतील. पण त्यांनी विचारलं, नवं नोझल किती पाणी टाकतं मिनिटाला? मला माहीत नव्हतं. ते मनात आकडे मांडत होते, उशीर झाला तर किती रान जळेल याचे.

फाट्यावरच्या हॉटेलात विचारलं. काल शाळेचे बूट घेऊन उतरलेल्या काकू कुठं राहतात? भजी तळणाऱ्या माणसानं झारा न थांबवता सांगितलं, कमानीतून आत, ओढा ओलांडला की उजव्या अंगाला, इहिरीच्या वरचं रान. आणि पुढं सहज म्हणाला, आज वारंच न्हाई, कवाच सुरू झालं असंल त्यांचं फवारणं.

ओढ्यापाशी चिखल होता. स्कूटी रुतली. ती उचलायला मी उतरले तोवर सर निघाले होते. जिना चढतानाही एकेका पायरीवर विचार करणारा तो माणूस पळत होता. चपला त्यांनी कुठं टाकल्या ते नंतर शोधूनही सापडलं नाही. पाठोपाठ मीही पळत बांधावर पोचले तेव्हा पंपाची गुणगुण ऐकू येत होती. गडी पाठीवर पंप घेऊन बांधाकडच्या ओळी संपवत होता. सर त्याच्याकडं जाताना ओळीवर पाय पडू नये म्हणून उड्या मारत होते, ते मला स्पष्ट आठवतं. रान जळायला लागलेलं आणि हे रोपं चुकवतायत. गड्याला वाटलं कुणी वेडा आला. तो मागं सरला. सरांनी उघड्या तळव्यानं नोझल झाकलं. औषध त्यांच्या बोटांतून, मनगटावरून शर्टाच्या बाहीत उतरलं.

काकू विहिरीकडून आल्या. पन्नाशीच्या, पदर खोचलेला, हातात पाण्याची कळशी. त्यांनी आधी गड्याला पंप बंद करायला लावला, मग सरांना आपादमस्तक न्याहाळलं. चिखलानं माखलेले पाय, गळ्यापर्यंत लावलेलं बटण.

"तुमी कोन?"

सर सरळ उभे राहिले. हात दोन्ही बाजूंना. आम्ही उभे राहायचो तसेच.

"मास्तर. कॉम्प्युटर शिकवतो, लातूरला."

"बाटलीत काय हाय?"

"उसाचं तणनाशक. सोयाबीन जळतंय त्यानं. तूर पण."

काकूंचा श्वास मला ऐकू आला. त्यांनी फवारलेल्या ओळींकडं पाहिलं, मग उरलेल्या रानाकडं. "कुनी दिलं मला हे?"

मी मनात नावं मोजत होते. अप्पा आहेत, मालक आहेत, ज्यांनी घाई लावली ते. नाहीतर सरळ कॉम्प्युटर आहे, त्याच्यावर ढकललं तर कोण जाब विचारणार.

"मी दिलं."

"तुमी तर दुकानात न्हवता."

"न्हवतो. दुकानातल्या कॉम्प्युटरला मी तसं शिकवलं व्हतं."

काकूंनी हातातली कळशी बांधावर ठेवली. मग त्यांनी विचारलं, आवाज न चढवता, "माझं रान म्हंजे तुमची पाटी हाय का मास्तर? चुकलं की पुसायला?"

सर तसेच उभे होते, हात दोन्ही बाजूंना. त्यांच्या ओठांवर पांढरट सुकेपणा आला होता. मला रडू येत होतं आणि राग येत होता, काकूंचा नव्हे, त्यांचाही नव्हे, त्या एका संध्याकाळचा. शेवटी काकूच म्हणाल्या, पंप धुवा आधी, उद्या ह्यातनंच दुसरं मारायचं हाय. सरांनी पंप घेतला आणि रानापासून लांब, पडीक तुकड्यावर नेऊन धुतला. धुतला, रिकामा केला, वास घेतला, पुन्हा धुतला. साबण मागितला. नोझल सोडवून काडीनं साफ केलं. हात धुवायचं मात्र त्यांच्या ध्यानात राहिलं नव्हतं, ते मी ओरडून करायला लावलं. काकू लांबून बघत होत्या. शेवटी येऊन त्यांनी पंप काढून घेतला.

"बास आता. कातडं निघंल त्याचं."

बांधाकडचा पट्टा गेला. आठवडाभरात पानं वळली, पिवळी पडली आणि वाळून गेली. उरलेलं रान वाचलं. मालकांनी प्रोग्रॅम बंद केला आणि फवारणीचा हंगाम संपल्यावर गुपचूप पुन्हा सुरू केला. क्लासात आमची औषध रडून बसली होती, की ऑब्जेक्ट माझा, म्हणजे चूक माझी. सरांनी तिला गप्प केलं आणि स्वतः आमच्या जागेवर येऊन उभे राहिले. म्हणाले, मी बाप, विचारा मला. कुणाची हिंमत होईना. शेवटी बिलानं सुरुवात केली. तुम्ही कोण, तुमच्यापाशी काय आहे, तुम्हाला काय येतं. सर एकेक उत्तर देत गेले, इचारलं तेवढंच. मग बिलानं विचारलं, तुम्हाला पीक ठाऊक नव्हतं तर पर्याय द्यायचं काम घेतलं कशाला? खाली पातेलं आदळलं. सर थांबले. आवाज विरला, आणि मग ते म्हणाले, "घाई होती." त्यांनी ते काम बापाकडून काढलं आणि एकेका लेकराला त्याच्या पिकासकट पुन्हा लिहायला आम्हाला बसवलं. त्या दिवसाचा चहा संध्याकाळी त्यांनी न पिताच परत पाठवला.

त्यानंतर सर दर रविवारी एसटीनं त्या फाट्यावर उतरून काकूंच्या रानात जायचे. काही करायचे नाहीत. वाळलेल्या पट्ट्याच्या कडेनं चालायचे आणि परत यायचे. काकू सुरुवातीला त्यांच्याशी बोलत नसत. मग एका रविवारी त्यांनी विचारलं म्हणे, तुमाला दुसरं काम न्हाई का? सर म्हणाले, हाय. एवढंच. हिवाळ्यात तिथं हरभरा पेरला आणि तो पट्ट्यातही उगवला, तेव्हा सरांनी मला मुद्दाम फोन करून सांगितलं. फोनवर ते कधी दोन वाक्यांच्या वर बोलत नाहीत. त्या दिवशी हरभऱ्यावर बरंच बोलले.

आता दर नव्या तुकडीला वारसा शिकवायची वेळ आली की सर पोरांना एसटीत बसवून तिथं घेऊन जातात. बांधावर उभं करतात. यंदा मीही नांदेडहून येऊन, मामाकडं ठेवलेली माझी जुनी स्कूटी घेऊन तिथं गेले होते. पट्टा कुठं होता ते आता कुणालाच ओळखू येत नाही. सर मात्र बरोबर त्याच्या टोकाशी उभे राहिले, आणि काकूंनी लांबून ओरडून सांगितलं की मास्तर, तुमी दोन ओळी पलीकडं हुबे हाव. पोरं हसली. सर दोन ओळी अलीकडं सरकले आणि शिकवायला लागले.

परतताना आम्ही दुकानात गेलो. अप्पा अजून काउंटरवर आहेत. ओळख या रकान्यात प्रोग्रॅम आता टिंब घेत नाही, हे सरांनी अभिमानानं सांगितलं. अप्पांनीही तितक्याच अभिमानानं सांगितलं की ते आता सगळ्यांना 'अ' टाकतात. सरांनी डोळे मिटून घेतले. मग अप्पा म्हणाले, एक मात्र म्या नीट भरलंय, आणि त्यांनी स्क्रीन आमच्याकडं वळवली.

काकूंचं नाव होतं, गाव होतं, त्यांचा स्वतःचा नंबर होता. ओळख या रकान्यात लिहिलं होतं, 'मास्तर पळाले ते रान'.

मला हसू फुटलं आणि लगेच आवरावं लागलं, कारण सर हसत नव्हते. त्यांनी चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं. विचारलं, "हे तुमच्या मनानं भरलंय, का इचारून?"

"इचारून की," अप्पा म्हणाले. "घर कसं हुडकायचं म्हणून काकूला इचारलं. समदं गाव तसंच म्हणतंय आता, म्हणल्या."

सरांनी अप्पांना ते तसंच राहू द्यायला सांगितलं, आणि माझ्या स्कूटीकडं एकदा बघून क्लासाकडं चालत निघाले.